न्यूरोची पहिली केस घेण्यापूर्वीची तयारी

कळवा असो वा नेरुळ, वैद्यकीय, फिजिओथेरपी किंवा नर्सिंगचा विद्यार्थी वॉर्डात गेला की न्यूरोची, म्हणजे मेंदू, मेरुरज्जू व चेतांच्या विकाराची केस शक्य तितकी पुढे ढकलतो. तपासण्या पुष्कळ आहेत हे खरे; पण माझ्या मते खरी अडचण अशी की तयारी जर्क तपासायच्या हातोडीपासून सुरू होते आणि रुग्णाशी काय बोलायचे याचा विचार खाटेपाशी पोहोचल्यावर होतो. म्हणून या यादीत हातोडी बरीच उशिरा येईल.

आदल्या रात्री संपूर्ण शरीररचना वाचत बसू नये. कोणता मार्ग कुठे बाजू बदलतो, एवढे मात्र कोऱ्या कागदावर आकृती काढून पक्के करावे. हालचालीचा आदेश नेणारा मुख्य मार्ग मेडुलाच्या (मेंदूच्या मेरुरज्जूला जोडलेल्या टोकाच्या) खालच्या भागात बाजू बदलतो. वेदना व तापमानाची जाणीव मेरुरज्जूत शिरल्यावर लगेच, एक-दोन पातळ्यांच्या आतच, पलीकडे जाते. कंपन आणि सांध्यांच्या स्थितीची जाणीव मात्र त्याच बाजूने वर चढून मेडुलात ओलांडते. एवढे समजले की मेरुरज्जूच्या अर्ध्या भागाला इजा झालेल्या रुग्णात एका पायाची शक्ती व कंपनाची जाणीव गेलेली आणि दुसऱ्या पायाला टोचलेले कळत नाही, हे चित्र पाठ करावे लागत नाही. कर्पर चेतांच्या १२ जोड्या आणि मेरू चेतांच्या ३१ जोड्या (मानेच्या ८, छातीच्या १२, कमरेच्या ५, त्रिकास्थीच्या ५ आणि माकडहाडाची १) नजरेखालून घालाव्यात. प्रौढ माणसाचा मेरुरज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. पाठीतले पाणी त्याच्या खालून काढण्याचे कारण तेच. मराठी माध्यमातून आलेल्यांनी मस्तिष्कपुच्छ म्हणजेच मेडुला, अनुमस्तिष्क (लहान मेंदू) म्हणजेच सेरेबेलम, अशी जोडणी आधीच करून ठेवावी. तोंडी परीक्षेत ती ऐनवेळी सुचत नाही.

त्यानंतर रुग्णाचे शब्द. ‘अंगावरून वारं गेलं’ म्हणजे बहुधा अर्धांगवायू, ‘आकडी’ किंवा ‘फिट’ म्हणजे झटका, हे आपल्याकडे सर्वांना ठाऊक असते. फसवे शब्द वेगळेच आहेत. ‘हात बधिर झाला’ असे म्हणणाऱ्याला स्पर्श कळत नसेल, किंवा स्पर्श नीट कळून हात उचलता येत नसेल. ‘चक्कर’ या एका शब्दात घर फिरल्यासारखे वाटणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे आणि चालताना तोल जाणे ही तिन्ही लक्षणे येतात. त्यामुळे प्रत्येक शब्दामागचा एक नेमका प्रश्न लिहून न्यावा. चप्पल पायातून निसटते का, आणि निसटल्याचे कळते का? कळत असूनही निसटत असेल तर संशय शक्तीवर जातो, कळतच नसेल तर संवेदनेवर. तोंडावर पाणी मारताना डोळे मिटले की तोल जातो का? लोकलमध्ये वरची कडी धरता येते का, की भात कालवता येत नाही आणि शर्टाची बटणे लागत नाहीत? पहिली तक्रार खांद्याकडच्या स्नायूंची, दुसरी हाताच्या टोकाची. एक प्रश्न मात्र सर्वांआधी विचारावा: त्रास अचानक सुरू झाला का, आणि माणूस पूर्णपणे ठीक असल्याचे शेवटचे कोणी, किती वाजता पाहिले? काही तासांपूर्वी तोंड वाकडे होऊन हात गळला असेल, तर ती आपली केस उरत नाही. गुठळी विरघळवणारे औषध साधारणपणे साडेचार तासांच्या आतच देता येते, म्हणून वही मिटून तत्काळ निवासी डॉक्टरांना कळवावे.

आकलन व लक्ष तपासण्याचे प्रश्नही रुग्ण पाहून ठरवावेत. विद्यार्थी असताना एका भाजीवाल्या मावशींना मी शंभरातून सात-सात वजा करायला सांगितले; त्या गप्प राहिल्या आणि मी ‘लक्ष कमी’ असे लिहून मोकळा झालो. सरांनी त्यांना सव्वा किलो वांग्यांचे पैसे आणि दोनशेच्या नोटेतून परत द्यायची रक्कम विचारली, तर उत्तर प्रश्न संपायच्या आत आले. तेव्हापासून मी स्थानके उलट्या क्रमाने विचारतो: डोंबिवलीहून ठाण्याकडे कोपर, दिवा, मुंब्रा, कळवा; नवी मुंबईच्या रुग्णाला घणसोलीहून ठाण्याकडे. तेथे जुन्या प्रवाशाने २०२४ मध्ये सुरू झालेले दिघा गाव गाळले, तर तो स्मृतीचा दोष समजू नये. रुग्ण नीट बोलत नसेल किंवा गुंगीत असेल तर शुद्धीची पातळी मोजणारी, १९७४ साली मांडली गेलेली ग्लासगो मोजपट्टी वापरावी. तिचे किमान गुण ३ आणि कमाल १५. पण नुसती बेरीज न लिहिता डोळे, बोलणे आणि हालचाल यांचे गुण वेगवेगळे लिहावेत.

आता पिशवी. लांब दांड्याची हातोडी, कंपनाच्या जाणिवेसाठी १२८ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क आणि कानासाठी ५१२ चा, टॉर्च, कापूस, टंग डिप्रेसर, नव्या टाचण्या, आणि वासासाठी कॉफीची पूड व साबण एवढे पुरे. डोक्याला लावायचा बाम वासासाठी नेऊ नये. त्याची झिणझिणी पाचव्या, म्हणजे चेहऱ्याच्या संवेदनेच्या चेतेलाही कळते आणि घ्राणचेता गेलेला रुग्णही ‘हो’ म्हणतो. हातात वस्तू ओळखण्यासाठी किल्ली आणि खोडरबर ठेवावे. एक व दोन रुपयांची नाणी हल्ली हाताला इतकी सारखी लागतात की धडधाकट माणूसही चुकेल.

प्रत्यक्ष तपासणीत चेहऱ्याला वेळ द्यावा. तोंड वाकडे असूनही कपाळावर दोन्हीकडे आठ्या पडत असतील तर दोष वर, विरुद्ध बाजूच्या मेंदूत असतो, कारण कपाळाला दोन्ही अर्धगोलांकडून आदेश मिळतो. त्याच बाजूचे कपाळही सपाट राहिले तर चेहऱ्याचे स्नायू हलवणाऱ्या सातव्या चेतेतच. स्नायूंची शक्ती ० ते ५ अशी नोंदवताना ३ चा अर्थ विसरू नये: गुरुत्वाकर्षणाविरुद्ध हालचाल होते, पण आपल्या हाताचा किंचितही विरोध सोसत नाही.

प्रतिक्षिप्त क्रिया (जर्क) कोणत्या मेरू चेतांच्या मुळांवर चालतात, ते आकडे पायाकडून वर मोजत गेल्यास लक्षात राहतात: घोटा एक-दोन, गुडघा तीन-चार, बायसेप्स (दंडाचा पुढचा स्नायू) पाच-सहा, ट्रायसेप्स (मागचा) सात-आठ, यांतील पहिले त्रिकास्थीचे, दुसरे कमरेचे, उरलेली दोन्ही मानेची. हातोडी मनगटातून सैल सोडावी, दाबून मारू नये. गुडघा उडत नसल्यास ‘नाही’ असे लिहिण्याआधी रुग्णाला दोन्ही हातांची बोटे एकमेकांत अडकवून ओढायला सांगावे आणि ओढत असतानाच ठोका द्यावा. अर्धेअधिक ‘हरवलेले’ जर्क, माझ्या अनुभवात, तेव्हा सापडतात. तळव्याची तपासणी बाबिन्स्की यांनी १८९६ साली वर्णिली. किल्लीच्या बोथट टोकाने टाचेपासून बाहेरच्या कडेने वर, मग अंगठ्याच्या मुळाकडे वळावे आणि अंगठ्याची पहिलीच हालचाल पाहावी. अंगठा वर जाणे प्रौढात मेंदू ते मेरुरज्जू या मार्गाच्या दोषाचे लक्षण असते. तान्ह्या बाळात ते स्वाभाविक आहे. अनवाणी चालणाऱ्यांच्या जाड तळव्यांवर काहीच प्रतिसाद न येण्याची शक्यताही ध्यानात ठेवावी.

संवेदना सर्वांत शेवटी तपासावी, कारण रुग्ण येथे लवकर थकतो आणि थकला की मान डोलवू लागतो. त्वचेचा कोणता भाग कोणत्या मेरू चेतेचा, हे कळायला स्तनाग्र छातीची ४, बेंबी छातीची १०, हाताचा अंगठा मानेची ६ आणि करंगळी मानेची ८, एवढ्या खुणा पुरतात. रॉम्बर्ग चाचणीत (पाय जुळवून आधी डोळे उघडे ठेवून, मग मिटून उभे राहणे) डोळे उघडे असतानाच तोल जात असेल तर ती चाचणी तेथेच थांबवावी. ती लहान मेंदूची चाचणी नव्हे. रुग्ण पडणार नाही एवढ्या जवळ आपण उभे असावे. कोपराच्या मागची आणि गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूची चेता चाचपून पाहण्यास विद्यार्थी हमखास विसरतात. ती जाड लागली व त्वचेवर फिकट, बधिर चट्टा दिसला, तर आपल्याकडे कुष्ठरोगाचा विचार आधी करावा.

केस लिहिताना आधी ‘कुठे’ आणि मगच ‘काय’ लिहावे. मेंदू, मेरुरज्जू, चेता की स्नायू हे ठरल्याशिवाय रोगाचे नाव घेऊ नये. उठण्यापूर्वी रुग्णाच्या अंगावर चादर घालावी, त्याच्या चपला खाटेजवळ सरळ लावाव्यात, आणि वापरलेली टाचणी खिशात वा कोटाच्या कॉलरला न खोचता धारदार कचऱ्याच्या पांढऱ्या डब्यात टाकावी.