चिमटा कापण्याआधी थांबा : जुगाडू सायकल बनवताना या चुका टाळा

हातात सायकलचा चिमटा, म्हणजे पुढचं चाक ज्या दोन पायांमध्ये बसतं तो भाग, घेऊन एखादा पोरगा वर्कशॉपच्या दारात आला की मी आधी एकच विचारतो, "कापला तर नाहीस ना?" बहुतेक वेळा कापलेलाच असतो.

मोबाइलवर लांब चिमट्याची चॉपर सायकल बघायची, भंगारातून दुसरा चिमटा आणायचा आणि जोडून चार-सहा इंच लांब करायचा. फ्रेम मात्र तशीच. पुढून फ्रेम चार इंच उचलली गेली की हेडचा पाईप, म्हणजे ज्यात हँडल फिरतं तो फ्रेमचा पुढचा पाईप, सुमारे पाच अंश मागे कलतो. त्या पाइपाच्या रेषेत दोरी धरून जमिनीपर्यंत आणा. चाक टेकतं ती जागा दोरीच्या थोडी मागे दिसेल. ते अंतर म्हणजे ट्रेल. माझ्याकडच्या काळ्या सायकलीत ते सात सेंटीमीटर भरलं. चिमटा चार इंच वाढवल्यावर दहाच्या पुढे गेलं. अशी सायकल वेगात सरळ पळते, पण हळू चालवताना हँडल आपोआप एका अंगाला कोसळतं.

2016 च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, तेव्हाची गोष्ट. आमच्या भागातल्या बारावीच्या पोराने पाणी वाहायला सायकल बनवली होती. चिमटा लांब, दोन कॅन मागे, दोन हँडलला. 15 लिटरचा एक कॅन, म्हणजे 60 किलो पाणी. रिकामी सायकल चालवून दाखवत म्हणाला, "मामा, बघा की, कशी सुसाट पळायली!" मी म्हणालो, "बाळा, पाणी भरून माझ्यासमोर चालव, मग बोलू." त्याला दम नव्हता. टँकरवरून परस्पर निघाला. गल्लीच्या वळणावर वेग कमी केला, हँडल डावीकडे पडलं, सावरताना कॅनमधलं पाणी हिंदकळलं आणि सायकल अंगावर आली. मनगट मोडलं. दोन तास रांगेत उभं राहून भरलेलं पाणी नालीत गेलं. त्याच्या आईचा चेहरा अजून डोळ्यांपुढून जात नाही.

आम्ही मूळचा चिमटा परत बसवला. चारही कॅन मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना, जमतील तेवढे खाली घेतले. हँडलला काही अडकवायचं नाही, एवढी एकच अट घातली.

तेव्हापासून माझी सवय पक्की आहे. आधी फरशीवर खडूने सायकल मूळ मापात काढायची, हेडची रेष आणि चाकाची जागा मोजायची. एक संध्याकाळ जाते. जो म्हणतो "मामा, एवढा टाइम नाही", त्याच्यासाठी मी ग्राइंडर हातात घेत नाही.

दुसरी चूक वेल्डिंगची. जुन्या काळ्या सायकलीत पाईप लगमध्ये, म्हणजे जोडावरच्या पोलादी खोबणीत, घालून पितळेने जोडलेले असतात. त्या जोडावर आर्क वेल्डिंग केलं की वितळलेलं पितळ तापलेल्या पोलादात शिरतं आणि आतून तडा जातो. वरून टाका देखणा दिसतो, म्हणूनच तो घात करतो. कानस मारून पिवळेपणा पूर्ण जाईपर्यंत मी वेल्डिंगचा रॉड टेकवत नाही. जोडाजवळच काम असेल तर गॅसने पितळेची काडी वापरतो. गेट-ग्रिलवाल्याकडे काम देणार असाल तर शेजारी उभे राहा. अँगलसाठी लावलेला करंट आणि 3.15 मिमी जाडीचा रॉड सायकलच्या पातळ पाइपाला भोक पाडतो. 2.5 चा घ्यायला सांगा, करंट कमी करायला लावा.

जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला पाईप वेल्डिंगला वापरू नका. जस्ताचा पांढरा धूर छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो.

डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. जोर लावून क्रँक, म्हणजे पायडल बसतं ती दांडी, खराब करू नका.

एका फ्रेमवर दुसरी जोडून उंच केलेल्या दोन मजली सायकलला पुढचा ब्रेक करकचून लावू नका. 1870-80 च्या दशकांतल्या उंच चाकाच्या सायकलींवरून माणसं याच कारणाने डोक्यावर आपटायची. 1885 मध्ये जॉन केम्प स्टार्ली यांची बुटकी 'रोव्हर' आली ती त्यावरचाच उपाय. मागचा ब्रेक दमदार हवा. रॉड ब्रेक एवढ्या उंचीला पुरत नाही, केबल टाका. आणि भिंतीला धरून चढायच्या आधी उतरायला शिका. मी पोरांना थांबलेल्या सायकलवरून वीस वेळा उतरायला लावतो, मगच भिंत सोडू देतो.