जुना फोर व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टर घेताय? आधी पुढच्या एक्सलचं तेल काढून बघा

मे महिना अर्ध्यावर आला की जुन्या ट्रॅक्टरचे सौदे एकदम वाढतात. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडच्या धानपट्ट्यात चिखलणी केलेले फोर व्हील ड्राइव्ह (पुढच्या चाकांनाही जोर देणारे) ट्रॅक्टर उन्हाळ्यात विकायला निघतात आणि वर्धा, यवतमाळ, अमरावतीकडच्या कापूस-सोयाबीनवाल्यांच्या दारात येऊन उभे राहतात. विदर्भात पाऊस साधारण जूनच्या मध्याला धरतो. म्हणजे हातात उरतात तीन-चार आठवडे. या घाईत इंजिन ऐकलं जातं, टायर बघितले जातात, रंग बघितला जातो. पुढच्या एक्सलचं, म्हणजे पुढच्या दोन चाकांना जोडणाऱ्या आडव्या घरातलं, तेल मात्र कोणी बघत नाही. पेरण्या हुकताना मी बघत आलो आहे त्या याच एका दुर्लक्षामुळे.

होतं असं. मे महिन्यात ट्रॅक्टर घरी येतो, कोरड्या रानात नांगरटी, वखरटी बिनबोभाट होते. कोरड्यात पुढची चाकं लावायची गरजच पडत नाही. पहिला दमदार पाऊस होतो, वाफसा येतो, काळ्या रानात मागचं चाक घसरायला लागतं आणि आपण लिव्हर ओढून फोर व्हील लावतो. मग पुढून कडकड आवाज येतो. बेअरिंग आधीच गंजलेलं असतं, बेव्हल गिअरचे दात झिजलेले असतात, आणि ताण येताच ते सुटतात. मिस्त्री म्हणतो, सामान नागपूरहून येईल, चार दिवस लागतील. गावातले भाड्याचे ट्रॅक्टर तोवर सगळे लागलेले. वाफसा निघून जातो. पुढे पाऊस आठ-दहा दिवस उघडला तर सोयाबीनची पेरणी जुलैत ढकलली जाते आणि शेंगा भरायच्या वेळी जमिनीत ओल राहत नाही. ट्रॅक्टर दुरुस्त होतो, पण गेलेली पेरणी परत येत नाही.

एक्सलमध्ये पाणी कसं जातं, ते समजून घ्या. ट्रॅक्टर बांधीत (धानाच्या शेतात) तासन्‌तास चालला की एक्सल तापतो. त्याच अवस्थेत तो गार चिखलपाण्यात बुडतो, आतली हवा आकसते आणि बाहेरचं ओढून घेते. एक्सलवरचा छोटा ब्रिदर (हवा जायची-यायची वाट) उघडा असेल तर हवा तिथून आत येते. तो चिखलाने बुजलेला असेल तर सीलच्या (तेल अडवणाऱ्या रबरी कड्याच्या) कडेतून पाणी ओढलं जातं. त्यात चाकाच्या हबमध्ये धानाची काडी, सुतळी, तार गुंडाळली गेली तर सील आणखी लवकर कापलं जातं. तेलात पाणी मिसळलं की ते दुधट होतं. दुधट तेलात गिअर काही दिवस चालतातही. खरं नुकसान होतं ते हंगाम संपल्यावर, ट्रॅक्टर सहा महिने उभा असताना, आतल्या गंजाने.

म्हणून तपासणी अशी करा. मालकाला आदल्या दिवशी निरोप द्या की ट्रॅक्टर रात्रभर सपाट जागी उभा असू द्या, सकाळी चालवू नका. रात्रभरात पाणी तेलाखाली बसतं. सकाळी पोचल्यावर आधी इंजिनला हात लावा. ते कोमट असलं तर ट्रॅक्टर तुमच्या आधी चालवला गेला आहे. कारण विचारा, आणि दुसऱ्या दिवशी परत जायची तयारी ठेवा. मग पुढच्या एक्सलच्या मधल्या घराचा तळाचा नट अर्धवट ढिला करा, भांडं खाली धरा. सगळं तेल काढायचं नाही, पेलाभर पुरे. आधी पाण्याचे थेंब आले, किंवा तेल चहासारखं दिसलं, तर पाणी गेलेलं आहे. दोन्ही चाकांच्या हबचे नटही असेच ढिले करून बघा. बऱ्याच मॉडेलमध्ये तिथलं तेल वेगळं असतं. मधलं तेल स्वच्छ आणि डाव्या हबचं दुधट, असं मी बघितलेलं आहे. नटाच्या टोकाला बारीक राखाडी लेप असेल तर काळजी नको, तो नेहमीच्या झिजेचा असतो. बोटाला टोचणारा चुरा किंवा चकत्या सापडल्या तर सौदा तिथेच थांबवा.

तेल एकदम नवं, सोनेरी, वासही नवा असेल तर मला जास्त शंका येते. विकण्याआधी आठवड्यात एक्सलचं तेल कोण बदलतं? अशा वेळी नटाच्या आट्यांत आणि ब्रिदरच्या तोंडात गंज बघा. हे कोणत्याही पुस्तकात लिहिलेलं नाही, पण माझा अंदाज यात सहसा चुकत नाही.

मालक नट उघडू देत नसेल तर ट्रॅक्टर घेऊ नका. किंमत कितीही कमी करून दिली तरी घेऊ नका.

तेलानंतर फोर व्हील खरंच लागतंय का ते बघा. इंजिन बंद करा, मागच्या चाकांना पुढून-मागून दगड लावा, गिअरमध्ये टाका, फोर व्हीलचा लिव्हर लावा. मग पुढचं एकच चाक जॅकवर उचला आणि हाताने फिरवा. एक्सलखाली कोणी हात-पाय घालायचा नाही. चाक थोडं हलून अडलं पाहिजे. ते मोकळं फिरत राहिलं तर आत काहीतरी तुटलेलं आहे, किंवा मधला शाफ्टच काढून ठेवलेला आहे. शाफ्टवरचं झाकण काढून तेही डोळ्यांनी बघा. तेच चाक वर-खाली धरून हलवा. खडखड झाली तर किंगपिन (चाक ज्यावर वळतं ती खीळ) किंवा बेअरिंग गेलेलं आहे. शेवटी मऊ नांगरट केलेल्या रानात नांगर लावून फोर व्हीलमध्ये चालवा. पुढच्या चाकांनी माती मागे फेकली पाहिजे.

टायरकडे नुसती नक्षी बघून पुढे जाऊ नका. फोर व्हीलमध्ये पुढची चाकं मागच्यांपेक्षा किंचित जास्त ओढतील, असं गणित कंपनीने बसवलेलं असतं. पुष्कळ मालक मागे 14.9-28 च्या जागी 16.9-28 टायर चढवतात आणि पुढचे तसेच ठेवतात. मग मागची चाकं पुढच्यांना ढकलत राहतात आणि सगळा ताण पुढच्या गिअरवर पडतो. टायरच्या कडेवरचा आकार लिहून घ्या आणि ट्रॅक्टरच्या पुस्तकाशी जुळवा. पुस्तक नसेल तर मध्य प्रदेशातल्या बुदनीच्या केंद्रीय ट्रॅक्टर चाचणी संस्थेचा त्या मॉडेलचा अहवाल शोधा, टायरचे आकार त्यात मिळतात. पुढचे टायर मागच्यांपेक्षा फारच झिजलेले दिसले, तर हा ट्रॅक्टर डांबरी रस्त्यावर फोर व्हील लावून पळवलेला असू शकतो.

बाकीची तपासणी तुमचा मिस्त्री करेल. यादी एवढीच:

– गार इंजिन एका-दोन सेल्फमध्ये सुरू व्हावं.
– निळा धूर म्हणजे तेल जळतंय. काळा धूर म्हणजे एअर क्लीनर, पंप किंवा नोझल.
– चालू इंजिनवर तेलाचं झाकण उघडा. जोरात वाफ फेकत असेल तर लायनर-पिस्टन झिजलेले.
– रेडिएटरच्या पाण्यावर तेलाचा तवंग किंवा डिपस्टिकवर साय आहे का, ते बघा.
– लिफ्टवर रोटाव्हेटर उचलून इंजिन बंद करा, किती वेळात खाली येतो ते बघा.
– क्लच, दोन्ही ब्रेक, पीटीओ (रोटाव्हेटर फिरवणारा मागचा शाफ्ट) आणि स्टीअरिंगची गळती तपासा.
– मीटरवरचे तास आणि पेडलच्या रबराची झीज जुळते का.
– मागचा हुक फार झिजलेला असेल तर ट्रॅक्टर उसाच्या डबल ट्रॉलीला होता का, ते विचारा.

इंजिनचं काम गावात होतं, सामान तालुक्याला मिळतं. पुढच्या एक्सलचं तसं नाही, म्हणून मी पुन्हा पुन्हा तिकडे येतो.

आता विक्रेत्यांबद्दल. धूर कमी करायची, इंजिनला ताकद द्यायची म्हणून तेलात टाकायची बाटली गळ्यात मारली जाते. ती घेऊ नका. झिजलेलं लायनर बाटलीने भरून येत नाही, जाड झालेलं तेल काही दिवस धूर लपवतं एवढंच. एक्सलमध्ये पाणी दिसलं की 'पूर्ण असेंब्लीच बदला' असं सांगणारेही भेटतील. गिअर आणि बेअरिंग शाबूत असतील तर सील, ब्रिदर आणि नवं तेल एवढ्यावर काम भागतं. आधी उघडून दाखवायला सांगा, मग बिलाचं बोला. आणि जुन्याचा भाव करताना नव्याची आजची किंमत विचारून घ्या. 22 सप्टेंबर 2025 पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला आहे. तरीही काही जण जुन्याचे भाव आधीच्या हिशोबानेच सांगतात.

50 एचपीच्या वरचा ट्रॅक्टर बघत असाल तर तो 1 जानेवारी 2023 च्या आधीचा की नंतरचा, हेही विचारा. त्या तारखेपासून या गटाला नवे प्रदूषण नियम लागले. नंतरच्या ट्रॅक्टरमध्ये इलेक्ट्रॉनिक डिझेल पंप असेल तर गावचा मिस्त्री त्याला हात लावणार नाही.

कागद:

– आरसीवरचा चेसिस आणि इंजिन नंबर स्वतः ट्रॅक्टरवर वाचा.
– बँकेचा किंवा फायनान्सचा बोजा असेल तर फॉर्म 35 आणि बँकेचं पत्र मिळाल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका.
– मालकी बदलायच्या फॉर्म 29 आणि 30 वर विकणाऱ्याची सही मालकाचीच हवी, मध्यस्थाची नाही.
– दुसऱ्या राज्यातला असेल तर आरटीओची एनओसी, फॉर्म 28.
– अनुदानावर घेतलेला असेल तर विक्रीवर मुदतीची अट आहे का, ते बघा.

पेरणीचं, थोडक्यात:

– 75 ते 100 मिमी पाऊस झाल्याशिवाय सोयाबीन पेरू नका.
– घरच्या बियाण्याची उगवण आधी तपासा, 70 टक्के तरी हवी.
– हेक्टरी 75 किलो बियाणं, खोली 3 ते 5 सेंमी.
– पेरणी 15 जुलैच्या पुढे नको.

ज्यांनी ट्रॅक्टर आधीच घेतला आहे त्यांनी हे काम याच आठवड्यात करा. एक्सलचं तेल दुधट निघालं तर घाबरू नका, पण तसंच चालवूही नका. सगळं तेल काढून टाका, दोन्ही हबची सील बदला, ब्रिदर काढून डिझेलने धुवा, पुस्तकात दिलेल्या ग्रेडचंच गिअर ऑइल लेव्हल नटापर्यंत भरा. इंजिनचं काढलेलं काळं तेल तिथे ओतू नका. मग चार-पाच तास चालवून तळाचा नट पुन्हा ढिला करून बघा. परत दुधट आलं तर आत पाणी राहिलंय किंवा सील नीट बसलं नाही, तेव्हा पुन्हा सगळं तेल काढा. पुस्तकात तेल बदलायचे तास दिलेले असतात आणि ते पाळायचेच. पण ज्या ट्रॅक्टरने चिखलणी केली, त्याचं एक्सलचं तेल मी प्रत्येक हंगामानंतर बदलायला सांगतो, तास भरलेले असोत वा नसोत. सील मागवायची असतील तर आज मागवा. पाऊस लागल्यावर दुकानात तीच आधी संपतात.