स्त्रीनामाचा माग कसा काढावा: मार्गारेटच्या निमित्ताने

नावाचे मूळ शोधायला बसले की बहुतेक जण आधी अर्थाकडे धावतात. अर्थ सर्वांत शेवटी पाहावा. आधी रूपे गोळा करायची, मग कोणते कशातून निघाले ते लावायचे. सरावासाठी मार्गारेट हे नाव घ्यावे. वाटेत लागणाऱ्या जवळजवळ सगळ्या अडचणी त्यात भेटतात.

नाव जसे आढळले तसे मूळ लिपीत, अक्षरन्‌अक्षर उतरवून घ्या. शेजारी भाषा, साल आणि कागद कशाचा आहे ते टिपा. लगेच देवनागरीत आणू नका. फ्रेंच ‘मार्गो’ दोन तऱ्हांनी लिहितात, एकाच्या शेवटी मूक टी, दुसऱ्याच्या शेवटी एक्स. देवनागरीत हा फरक पुसला जातो.

युरोपातल्या चर्चच्या जुन्या बाप्तिस्मा-नोंदी लॅटिनमध्ये असतील तर विभक्ती ओळखता आली पाहिजे. मार्गारेटा ही प्रथमा, मार्गारेटाम द्वितीया, मार्गारेटाए षष्ठी. ‘अमुकीला बाप्तिस्मा दिला’ अशा वाक्यात नाव द्वितीयेत येते, आणि नवखा माणूस ‘मार्गारेटाम’ हे वेगळेच नाव समजून यादीत घालतो. शिवाय पाद्र्याने मार्गारेटा लिहिले म्हणून घरी तसेच हाक मारत असे नाही. जर्मन घरात ती ग्रेटे असू शकते.

आता साखळी. ग्रीक ‘मार्गारितेस’ म्हणजे मोती. त्यावरून लॅटिन मार्गारिता, पुढे फ्रेंचमार्गे इंग्रजी मार्गारेट. प्रत्येक कडीला ध्वनिबदलाचा आधार हवा, आणि तोच बदल त्या भाषेतल्या दुसऱ्या शब्दातही दाखवता आला पाहिजे. पोर्तुगीजमध्ये मार्गारिदा का? कारण दोन स्वरांमधल्या त चा तिथे द होतो. लॅटिन ‘विता’ची (जीवन) पोर्तुगीज ‘विदा’ झाली ती तशीच. पोलिश माउगोझाता पहिल्यांदा ऐकताना परके वाटते, पण लिहिलेले रूप पाहिले की उलगडते: दोन र पैकी पहिल्याचा ल झाला आणि त्या ल चा उच्चार आज व-उ सारखा होतो. आयरिश मरेडमध्ये ग कुठेच ऐकू येत नाही. तो जुन्या लेखनात मात्र सापडतो, म्हणून जुने स्पेलिंग पाहिल्याशिवाय कडी तुटली असे ठरवू नये.

लघुरूपे नावाच्या कुठल्याही तुकड्यातून निघतात. मेग आणि मॅगी डोक्याकडून, ग्रेटा आणि रिता शेपटाकडून. पेगी हे मेगीचे यमक. मॉलीची पॉली झाली त्याच चालीने. डेझीची वाट आणखी वाकडी: फ्रेंचमध्ये ‘मार्गेरीत’ हे एका फुलाचेही नाव आहे, त्या जातीच्या फुलाला इंग्रजीत डेझी म्हणतात, म्हणून मार्गारेटला लाडाने डेझी.

मात्र लघुरूपावरून उलटे पूर्ण नाव बनवू नका. इटलीतल्या काशा गावच्या संत रिताचे (मृत्यू १४५७) पूर्ण नाव मार्गेरिता होते. १९०० मध्ये तिला संतपद जाहीर झाले. पुढे रिता हेच पूर्ण नाव म्हणून ठेवले जाऊ लागले. विसाव्या शतकातल्या रिताची जन्मनोंद मार्गेरिता म्हणून शोधणे बहुधा वाया जाईल.

संगणकावर शोधताना साउंडेक्सचा, म्हणजे सारख्या उच्चाराची नावे एकत्र यावीत म्हणून नावाला संकेतांक देण्याच्या पद्धतीचा, भरवसा धरू नये. ही पद्धत अमेरिकेत १९१८ साली पेटंट झाली आणि वंशावळीच्या कामात अजून वापरात आहे. पहिले अक्षर कायम ठेवून पुढच्या व्यंजनांना आकडे द्यायचे. मार्गारेट, मार्गेरीत, मार्गारिता या तिघींना एम६२६ मिळतो, तोवर ठीक. पण मार्गिट एम६२३, माउगोझाता एम४२६, ग्रेटा जी६३० आणि पेगी पी२००. तेव्हा प्रत्येक रूपाचा शोध स्वतंत्र घ्यायचा.

आता अर्थ, आणि इथेच जास्त लोक घसरतात. मुक्ता, अरबी लुलू आणि मार्गारेट तिघींचा अर्थ मोती, पण मुक्ता आणि लुलू ही मार्गारेटची रूपे नव्हेत. त्यांची शब्दमुळे वेगळी. हिब्रू मार्गालित मात्र ग्रीक शब्दाचीच नातलग. एकच संतही फसवते: पश्चिमेकडच्या चर्चमधली अंत्युखियाची मार्गारेट पूर्वेकडे मरिना म्हणून पूजली जाते, तरी मरिना हे नाव लॅटिनमधल्या समुद्रवाचक शब्दावरून आलेले.

नुसत्या नादसाम्याला तर अजिबात भुलू नये. आपली लीला आणि अरबी लैला (रात्र), आपली मीना आणि विल्हेल्मिनाचे लघुरूप मिना, यांचा एकमेकींशी काही संबंध नाही. स्पॅनिश अनिताही कानाला आपल्या अनितासारखी लागते, पण ती आनाचे लाडके रूप, म्हणजे हिब्रू हन्नाच्या घरातली.

तक्ता करताना प्रत्येक रूपापुढे मूळ लेखन, उच्चार, आधीची कडी आणि पुरावा असे चार रकाने ठेवा. पुरावा दोन तऱ्हांचा चालतो: नियमित ध्वनिबदल, किंवा एकाच व्यक्तीला दोन्ही नावांनी ओळखल्याची नोंद (मरिनासारखे उघड वेगळ्या मुळाचे नाव सोडून). दोन्हींपैकी काहीच नसेल तर ते रूप पेन्सिलीने लिहा.