पोटाच्या प्रोबने नॉर्मल एनल स्फिंक्टर कसा बघायचा

कोकणात तालुक्याच्या गावी सोनोग्राफी करणाऱ्या आपल्यासारख्यांकडे ३६० डिग्री फिरणारा एंडोएनल (गुदद्वाराच्या आत घालायचा) प्रोब सहसा नसतोच, त्यामुळे एनल स्फिंक्टर, म्हणजे गुदद्वार आवळून धरणारा स्नायू, म्हटलं की आपण सरळ कोल्हापूर नाहीतर मुंबई सांगून मोकळे होतो. पण पोट बघायचा जो कॉन्व्हेक्स (बाकदार तोंडाचा) प्रोब रोज हातात असतो त्यानेच पेरिनियमवरून, म्हणजे योनी आणि गुदद्वार यांच्यामधल्या भागावरून, स्फिंक्टर चांगला दिसतो, फक्त नॉर्मल कसं दिसतं ते डोळ्यात पक्कं बसलेलं पाहिजे. ते नसेल तर धडधाकट बाईलाही फाटलंय असा रिपोर्ट जातो, आणि ती बाई तो कागद घेऊन वर्षभर घाबरून फिरते.

वारा किंवा शौच अडवता येत नाही हे बाई स्वतःहून सांगत नाही हेही लक्षात ठेवा. बाळंतपणाचे टाके, मूळव्याध, कायतरी भलतंच कारण सांगून येते आणि मग उठता उठता हळूच म्हणते, "वारो धरूक येणा नाय," म्हणजे वारा अडवता येत नाही. तेव्हा तिला परत पुढच्या आठवड्यात बोलावू नका, पहिली एसटी पकडून आलेली असते, त्याच वेळी बघून टाका. दहा मिनिटांचं काम आहे.

तयारी काही लागत नाही, एनिमा पण नको. लघवी करून यायला सांगा, पाठीवर झोपवा, गुडघे वाकवून टाचा कुल्ल्यांजवळ. खोलीत बाई अटेंडंट हवीच, पडदा ओढलेला हवा, आणि नक्की कुठे प्रोब ठेवणार ते आधी सांगा, आत काही घालणार नाही हे सांगितलं की बाई लगेच सैल होते. प्रोबवर जेल, त्यावर ग्लोव्ह, ग्लोव्हवर परत जेल. ग्लोव्हच्या आत हवेचा एक बुडबुडा जरी राहिला तरी चित्रात बरोबर १२ वाजता, म्हणजे पुढच्या, योनीकडच्या बाजूला, काळी सावली पडते आणि ती हुबेहूब फाटल्यासारखी दिसते, म्हणून बोटाने दाबून हवा काढायचा कंटाळा करू नका.

प्रोब आडवा धरून योनीमार्गाच्या मागच्या कडेला, फोरशेटवर, हलकाच टेकवा. जोर दिला की सगळं चपटं होतं. आता प्रोबची मूठ पेशंटच्या पोटाकडे उचला म्हणजे बीम (प्रोबमधून निघणाऱ्या ध्वनिलहरी) मागे माकडहाडाकडे वळतो आणि चित्रात एनल कॅनॉल (गुदमार्ग) आडवा कापला जातो. स्फिंक्टरची रिंग लांबट दिसत असेल तर तुम्ही तिरके कापताय, ती गोल होईपर्यंत मूठ थोडी वर थोडी खाली करत राहा. माझ्या मते निम्मं कौशल्य इथेच आहे, कारण तिरक्या बीममध्ये एक्स्टर्नल (बाहेरचा) स्फिंक्टर एका बाजूला उगाच काळा पडतो.

गोल चित्र मिळालं की आतून बाहेर या. मध्ये म्यूकोसा, म्हणजे आतलं अस्तर, घड्या पडलेला, तोच म्यूकोसल स्टार. त्याभोवती काळी बांगडी घातल्यासारखी एकसारखी रिंग, तो इंटर्नल (आतला) स्फिंक्टर, गुळगुळीत स्नायू, आपोआप आवळलेला राहतो आणि आराम असतानाच्या दाबाचा मोठा वाटा त्याचाच. जाडी साधारण २ ते ३ मिमी, वयाबरोबर वाढत जाते, म्हणून सत्तरीच्या आजीचा जाड दिसला तर दचकू नका. त्याच्या बाहेर पांढरट, थोडा खरबरीत पट्टा तो एक्स्टर्नल, हा आपल्या इच्छेने आवळता येतो, नस पुडेंडल. एंडोएनलची मापं इथे लावू नका, आत प्रोब असला की कॅनॉल ताणला जातो आणि इंटर्नल पातळ दिसतो, आपल्या पद्धतीत तसं होत नाही.

आता जिथे सगळ्यात जास्त चुका होतात ते. मूठ खाली नेत कॅनॉलच्या वरच्या (आतल्या) लेव्हलला गेलात की मागच्या बाजूला प्युबोरेक्टॅलिसचा, म्हणजे कॅनॉलला मागून वेढणाऱ्या स्नायूचा, पांढरा यू दिसतो, पुढून उघडा. बायकांमध्ये एक्स्टर्नल स्फिंक्टर पुढच्या बाजूला मुळातच आखूड असतो, त्यामुळे या लेव्हलला पुढे रिकामं दिसणं नॉर्मल आहे, ती फाट नाही. पुरुषांचा पुढचा भाग लांब असतो म्हणून जी चित्रं पुरुषांची बघून शिकलात ती इथे फसवतात. करायचं काय तर मूठ हळूहळू वर उचलत कॅनॉलमध्ये खाली, गुदद्वाराकडे या, मधल्या लेव्हलला एक्स्टर्नलची रिंग पुढून पूर्ण झाली आणि इंटर्नल सगळीकडून सलग असेल तर विषय संपला. अजून खाली आलात की इंटर्नल संपतो आणि फक्त एक्स्टर्नलचा त्वचेखालचा भाग उरतो, तिथे काळी रिंग नाही म्हणून इंटर्नल गायब लिहू नका.

तरी शंका असेल तर "वारा अडवून धरल्यासारखं आवळा" म्हणा. नॉर्मल स्नायू सगळीकडून जाड होतो, रिंग लहान होते. खरी फाट असेल तर आवळताना दोन टोकं वेगळी ओढली जातात आणि मधली जागा अजून उघड दिसते. मशीनवर थ्रीडी असेल तर आवळलेल्या अवस्थेतच व्हॉल्यूम (पूर्ण थ्रीडी चित्र) घ्या आणि त्याचे सलग स्लाइस (आडवे काप) काढा, फाट ३० डिग्रीपेक्षा मोठी आणि ६ पैकी निदान ४ स्लाइसमध्ये दिसली तरच ती मोठी धरतात. एकाच स्लाइसवर निकाल देऊ नका.

हे सगळं का एवढं सांगतोय, तर १९९३ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये सुलतान आणि सहकाऱ्यांनी पहिलटकरणींचा अभ्यास छापला, योनीमार्गे बाळंत झालेल्यांपैकी ३५ टक्क्यांना एंडोएनलवर स्फिंक्टरमध्ये दोष दिसला, नुसतं डोळ्यांनी तपासताना त्यातले जवळजवळ सगळे सुटले होते. म्हणजे बघायला हवंच आहे, आणि नीट बघायला हवं आहे. टाके ताजे असताना मात्र सूज आणि रक्त सगळं बिघडवतं, साधारण ६ ते १२ आठवड्यांनी बोलवा.

रिपोर्टमध्ये घड्याळाचे काटे वापरा, १२ म्हणजे पुढची, योनीकडची बाजू. तिन्ही लेव्हल वेगळ्या लिहा, इंटर्नल सलग आहे का, एक्स्टर्नल कुठल्या लेव्हलपासून पूर्ण होतो, आवळताना काय झालं, आणि हे पेरिनियमवरून केलंय हे स्पष्ट लिहा, नाहीतर पुढचा सर्जन एंडोएनल समजून मापं ताडत बसेल.