इंग्रजी कविता बारकाईने कशी वाचावी: आधी अन्वय, मग रसग्रहण

शाळेत रसग्रहणाच्या प्रश्नाला ठरलेलं उत्तर असायचं: कवी कोण, मध्यवर्ती कल्पना काय, अलंकार कोणते आणि कविता मला का आवडली. जुनी इंग्रजी कविता हातात आली की तीच सवय डोकं वर काढते. एकदा वाचून होत नाही तोच आपण ‘संदेश’ शोधायला निघतो. तो शोध लांबणीवर टाका. संस्कृतच्या तासाला श्लोकाचा अन्वय लावायचो, म्हणजे शब्द गद्याच्या सरळ क्रमाने मांडायचो, तो इथे फार उपयोगी पडतो.

उदाहरणाला इंग्रज कवी शेलीची ‘ओझिमँडियस’ घेऊ: वाळवंटात मोडून पडलेल्या एका राजाच्या पुतळ्याची कविता. चौदाच ओळी, नेटवर फुकट मिळते, शब्दही फारसे अवघड नाहीत. कविता वहीत हाताने उतरवून घ्या आणि दोन ओळींत भरपूर जागा सोडा. उतरवताना विरामचिन्हं दिसतात, स्क्रीनवर ती डोळ्यांखालून निसटतात.

मग मोठ्याने वाचा, पण ओळीच्या टोकाला थांबू नका. पूर्णविराम किंवा स्वल्पविराम असेल तिथेच थांबायचं. अर्धा गोंधळ एवढ्यानेच मिटतो.

आता कोण बोलतंय ते वहीच्या समासात लिहा. कवितेतला ‘मी’ पहिली ओळ आणि दुसरीतले दोन शब्द बोलून गप्प होतो. पुढचं सगळं प्राचीन देशातून आलेल्या एका प्रवाशाचं बोलणं, आणि त्याच्याही बोलण्यात राजाचा शिलालेख. म्हणजे ‘लुक ऑन माय वर्क्स, यी माइटी, अँड डिस्पेअर’ ही गर्जना आपल्यापर्यंत येते ती ऐकीव गोष्टीतली ऐकीव गोष्ट म्हणून. राजाचा आवाज शेलीने मुद्दाम इतका लांब नेऊन ठेवला आहे.

अन्वयाला सगळ्यात जास्त वेळ द्या. चौथ्या ओळीपासून आठवीपर्यंतची रचना बहुतेकांना अडते. वाळूत पडलेल्या चेहऱ्यावरची आठी, आवळलेला ओठ आणि थंड हुकमी तुच्छता हे कर्ते. ‘टेल’ हे क्रियापद. ते काय सांगतात? की शिल्पकाराने राजाच्या मनातले विकार नेमके ओळखले होते. इथवर ठीक. पुढे ‘सर्व्हाइव्ह’ येतं आणि आपण ‘ते विकार अजून टिकून आहेत’ असा अर्थ लावून मोकळे होतो. मग आठवी ओळ, ‘द हँड दॅट मॉक्ड देम, अँड द हार्ट दॅट फेड’, अधांतरी लोंबकळते. तिचं क्रियापदच सापडत नाही.

कारण ती ओळ ‘सर्व्हाइव्ह’चं कर्म आहे. विकार कोणाच्या मागे उरले? त्यांची नक्कल करणाऱ्या हाताच्या आणि त्यांना पोसणाऱ्या काळजाच्या. हात शिल्पकाराचा, काळीज राजाचं. दोघंही मेले, दगडावर उरला तो माज. ‘मॉक’मध्ये नक्कल करणं आणि खिल्ली उडवणं दोन्ही बसतं, म्हणजे पगारी शिल्पकाराने धन्याची टर उडवलीही असेल. एवढं सगळं व्याकरणातून हाती लागतं, आणि गाईडमधल्या ‘सत्तेची क्षणभंगुरता’ या उत्तरात यातलं काहीच नसतं.

पुढचं काम कानाचं. आपल्या वृत्तांत लघु-गुरू मोजतात, इंग्रजीत आघात, म्हणजे उच्चारातला जोर, मोजतात. आपण मराठी माणसं इंग्रजीची सगळी अक्षरं जवळपास सारख्या जोराने उच्चारतो, म्हणून टेबलावर बोटाने ताल धरा. या कवितेत ओळीला साधारण दहा अवयव (सिलॅबल, म्हणजे एका झटक्यात उच्चारला जाणारा तुकडा) आणि एक सोडून एकावर जोर असतो: आय मेट अ ट्रॅव्हलर फ्रॉम ॲन अँटिक लँड. ‘अँटिक’वरचा जोर इथे पहिल्या अवयवावर पडतो, आजच्यासारखा शेवटी नाही. नेम एकदा कानात बसला की तो कुठे मोडतो ते ऐका. ‘नथिंग बिसाइड रिमेन्स’ सुरू होतं तेच जोरदार अवयवाने. ओळीच्या मधेच पूर्णविराम, आणि पुढच्या ‘राउंड’वर पुन्हा ठोका. राजाच्या गर्जनेला प्रवाशाने दिलेलं उत्तर एवढंच.

यमकंही जुळवून बघा. सातवी ओळ संपते ‘लाइफलेस थिंग्ज’वर आणि तिचं यमक दहाव्या ओळीतल्या ‘किंग ऑफ किंग्ज’शी. राजाधिराजाची जोडी निर्जीव वस्तूंशी लावलेली! ‘कवीने यमकाचा सुंदर वापर केला आहे’ असं लिहिण्यापेक्षा हे दाखवा.

इतिहास आणि चरित्र आता उघडा, आधी नको. 1920 च्या दशकात केंब्रिजमध्ये समीक्षक आय. ए. रिचर्ड्‌स विद्यार्थ्यांना कवीचं नाव झाकून कविता देत आणि त्यावर लिहायला सांगत. मोठं नाव दिसलं की वाचणारा दबतो. ओझिमँडियस हे इजिप्तच्या दुसऱ्या रामसेसचं ग्रीक वळणाचं नाव. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधला त्याचा भव्य अर्धपुतळा ही कविता छापून आल्यानंतर तिथे पोहोचला आणि त्याचा चेहरा चांगला सौम्य आहे, त्यामुळे ‘शेलीने तो पाहून लिहिलं’ ही गोष्ट टिकत नाही. जास्त कामाची माहिती वेगळी आहे. कविता जानेवारी 1818 मध्ये ‘एक्झामिनर’ साप्ताहिकात टोपणनावाने आली. त्याचे संपादक ली हंट राजपुत्रावर, म्हणजे तेव्हाच्या राज्यकारभार पाहणाऱ्या प्रिन्स रीजंटवर, टीका केल्याबद्दल दोन वर्षं तुरुंगात राहून आलेले. अशा साप्ताहिकात वाचताना हा राजा फक्त इजिप्तचा राहत नाही.

चिकित्सा म्हणजे निवाडाही आला, आणि दुसऱ्या कवितेशी तुलना केली की तो सोपा होतो. शेलीचा मित्र होरेस स्मिथ याने याच विषयावर चढाओढीने सुनीत (सॉनेट, चौदा ओळींची कविता) लिहिलं. तेही ‘एक्झामिनर’मध्येच पुढच्या महिन्यात आलं. त्यात शेवटी एक शिकारी उजाड झालेल्या लंडनमधून जातो आणि इथे कोणते बलाढ्य लोक राहत होते असा विचार करतो. कल्पना जबरदस्त आहे, माझ्या मते शेलीहूनही धाडसी. पण स्मिथ तात्पर्य सांगून मोकळा होतो, आणि शेली वाळू दाखवून थांबतो. दोन्ही शेजारी ठेवा आणि कोणती का सरस यावर एक परिच्छेद लिहा. प्रत्येक विधानामागे कवितेतला एक तरी शब्द दाखवता आला पाहिजे. येत नसेल तर ते वाक्य खोडा.

यानंतर कवी ब्लेकची ‘लंडन’ घ्या: सोळा ओळी, सोपे शब्द आणि एकाच शब्दाची पुनरावृत्ती किती अंगावर येऊ शकते याचा नमुना. कवी मिल्टनला मात्र सध्या हात लावू नका. त्याची वाक्यं पानपानभर चालतात.