कविता कशी उघडते आणि अर्थ कसा वाढत जातो: पुढचं झाकून वाचण्याची रीत

कविता हाती आली की बहुतेक जण थेट ‘कवीला काय म्हणायचंय’ या प्रश्नावर जातात. परीक्षेत मध्यवर्ती कल्पना लिहून लिहून ही सवय लागते. पण पहिली ओळ वाचकाच्या मनात एक अपेक्षा उभी करते, पुढची ती पक्की करते किंवा मोडते, आणि अर्थ या ओढाताणीतच घडतो. तो घडताना बघायचा तर कविता क्रमाने आणि सावकाश वाचायला हवी. चार कडव्यांच्या कवितेला साधारण एक तास लागतो. सामान म्हणजे वही, पेन्सिल आणि ओळी झाकायला एक जाड कागद.

सरावाला लांब जायची गरज नाही. मंगळवेढ्याचे चोखामेळा आणि कान्होपात्रा, माढा तालुक्यातल्या अरणचे सावता माळी: सोलापूर जिल्ह्यातल्या या तीन संतांचे अभंग तोंडपाठ असलेली माणसं गावोगाव आहेत. अडचणही तीच. पाठ असलेली कविता आपण वाचत नाही, फक्त म्हणतो.

१. एक पाठ ठरवा आणि हाताने उतरवा

8 ते 16 ओळींची कविता निवडा. संतांच्या अभंगांना पाठभेद असतात, म्हणजे एकाच ओळीची वेगवेगळी रूपं. कान्होपात्रेच्या ‘नको देवराया’ या अभंगात कुठे ‘अंत आता पाहू’ आहे, तर कुठे ‘अंत असा पाहू’. ‘आता’मुळे वेळेची निकड येते, ‘असा’मुळे छळाची तक्रार. म्हणून एक छापील गाथा समोर ठेवा आणि तिचाच पाठ शेवटपर्यंत धरा. मोबाइलवर फिरणाऱ्या प्रतींमध्ये कडवी गळलेली असतात. प्रत्येक ओळीखाली दोन ओळी कोऱ्या सोडून उतरवा.

मग दोनदा मोठ्याने वाचा, पण चाल लावू नका. गाताना प्रत्येक कडव्यानंतर ध्रुवपद परत येतं, त्यामुळे अभंग एकाच जागी फिरतोय असं वाटतं. कागदावर तो पुढे सरकत असतो.

२. अडणारे शब्द आधीच सोडवा

ऊस डोंगा परी रस नोहे डोंगा ।
काय भुललासी वरलिया रंगा ॥

चोखोबांच्या या अभंगातला ‘डोंगा’ म्हणजे वाकडा. पुढे ‘नदी डोंगी’ आलं की अनेकांच्या डोळ्यांसमोर होडी उभी राहते आणि तिथून सगळं वाचन भरकटतं. घरात कन्नड बोलणाऱ्या सोलापूरकराला हा शब्द चटकन लागतो, कारण कन्नडमध्ये ‘डोंकु’ म्हणजे वाकडाच. ‘नोहे’ म्हणजे नाही, ‘वरलिया रंगा’ म्हणजे वरच्या रंगाला. अर्थ समासात लिहून ठेवा आणि एवढ्यावर थांबा. या टप्प्यावर भावार्थाचं पुस्तक उघडलंत तर पुढच्या पायऱ्यांना काही काम उरत नाही.

३. फक्त सुरुवात: दहा मिनिटं

पहिलं कडवं सोडून बाकी सगळं झाका. चार प्रश्नांची उत्तरं लिहा. कोण बोलतंय? कुणाशी? कोणत्या क्षणी? आणि आता पुढे काय येईल असं वाटतं? चौथं उत्तर सगळ्यात महत्त्वाचं, आणि ते चुकलं तरी खोडायचं नाही.

चोखोबांच्या पहिल्या कडव्यात बोलणारा कोण ते कळत नाही. ‘भुललासी’ म्हणजे समोर ‘तू’ आहे, पण तो कुणीही असू शकतो. सूर शहाणपण सांगणाऱ्याचा आहे आणि उदाहरण शेतातलं. पुढे आणखी उपदेश येईल, असा अंदाज इथे बरोबरच आहे.

कान्होपात्रा अगदी उलट उघडते:

नको देवराया अंत आता पाहू ।
प्राण हा सर्वथा जाऊ पाहे ॥

पहिलाच शब्द नकाराचा. प्रसंग काय, संकट कोणतं, काहीच सांगितलेलं नाही. आपण बोलण्याच्या मध्यावर पोहोचलो आहोत. अशी सुरुवात दिसली की वहीत ‘काय लपवलंय?’ असं लिहा आणि ते कुठे उघड होतं तिथे खूण करा. इथली नेहमीची चूक म्हणजे कान्होपात्रेचं चरित्र आधी आठवून रिकामी जागा स्वतःच भरून टाकणं. चरित्र वाचा, पण पाचव्या पायरीनंतर.

४. कागद एकेक कडवं खाली सरकवा

दर वेळी दोनच गोष्टी टिपा: नवीन काय आलं, आणि आधीचं काय परत आलं. नव्याला वर्तुळ करा, परत आलेल्याला अधोरेखित करा.

कमान डोंगी परी तीर नोहे डोंगा ।
काय भुललासी वरलिया रंगा ॥
नदी डोंगी परी जळ नव्हे डोंगे ।
काय भुललासी वरलिया रंगे ॥
चोखा डोंगा परी भाव नोहे डोंगा ।
काय भुललासी वरलिया रंगा ॥

‘तीन दृष्टान्त दिले आहेत’ असं लिहून पुढे गेलात तर कविता हातातून निसटते. आत-बाहेरचं नातं तिन्ही ठिकाणी वेगळं आहे. रस उसाच्या पोटात असतो, तो दिसत नाही, चाखावा लागतो. तीर मात्र उघड दिसतो, आणि कमान वाकते म्हणूनच तो सरळ सुटतो. म्हणजे दुसऱ्या कडव्यात वाकडेपणा नुसता माफ होत नाही, तो कामाला येतो. तिसऱ्यात नदी वळते आणि पाणी पाणीच राहतं. मग चौथ्यात वस्तूच्या जागी माणूस येतो, तोही स्वतःचं नाव घेऊन.

आता अधोरेखित ओळ पाहा. शब्द तेच आहेत. पहिल्यांदा तो उपदेश होता. चौथ्यांदा तो जाब आहे, आणि विचारणारा आहे ज्याला देवळाबाहेर ठेवलं तो माणूस. ‘तू’ कोण ते आत्ता कळतं. तिसऱ्या पायरीवरचा अंदाज इथे मोडला, आणि नेमका कुठे मोडला ते तुम्हाला बोट ठेवून दाखवता येतं. अंदाज लिहून ठेवायला सांगितलं ते यासाठी.

इथे एक मोह आवरायला हवा. पंढरपुरात भीमा चंद्रकोरीसारखी वळते, म्हणून तिला चंद्रभागा म्हणतात, आणि ‘नदी डोंगी’ वाचताना ती आठवतेच. आठवू द्या, पण वहीत वेगळ्या रकान्यात लिहा. कवितेत फक्त ‘नदी’ आहे.

५. क्रियापदं आणि हाका यांच्या दोन याद्या

अर्थाची चाल विशेषणांपेक्षा इथे जास्त स्पष्ट दिसते. सावता माळी ‘कांदा मुळा भाजी, अवघी विठाबाई माझी’ असं उघडतात. या ओळीत क्रियापदच नाही. पुढे क्रमाने येतात: ‘झाला’, ‘झालासे’, ‘व्यापिली’, ‘केला’, ‘गोविला’. आधी नुसतं असणं, मग होणं, मग पसरणं, आणि शेवटी माळ्याने स्वतः केलेली कृती. भाज्यांची यादी वाटणारी कविता या याद्यांमुळे चालायला लागते.

कान्होपात्रेच्या अभंगात हाका मोजा. ‘देवराया’, मग ‘मजलागी जाहले तैसे देवा’ यातला ‘देवा’, मग ‘धावे हो जननी विठाबाई’. राजाकडे केलेली विनवणी तिसऱ्या कडव्यात आईला मारलेली हाक होते. छंदही पाहा. मोठ्या अभंगात चार चरण असतात, अक्षरं साधारण 6, 6, 6 आणि 4. एखादं अक्षर पुढेमागे झालं तर घाबरू नका, अभंग तेवढी सूट देतो. त्या चार अक्षरांच्या आखूड चरणात इथे काय पडलंय ते ओळीने वाचा: ‘जाऊ पाहे’, ‘तैसे देवा’, ‘विठाबाई’, ‘हृदयात’. प्राण बाहेर जाण्यापासून हृदयात घेतलं जाण्यापर्यंतचा सगळा प्रवास या चार तुकड्यांत आहे.

६. शेवटून पुन्हा पहिल्या ओळीवर

शेवट वाचल्यावर लगेच पहिली ओळ वाचा आणि तिचा नवा अर्थ जुन्या उत्तराशेजारी लिहा. सोलापूरचे कवी कुंजविहारी यांचं ‘भेटेन नऊ महिन्यांनी’ हे शब्द एकटे वाचले तर प्रवासाला निघालेल्या मुलाचा निरोप वाटतो. बोलणारा फाशी जाणार आहे आणि समोर त्याची आई आहे, हे कळलं की ‘नऊ महिने’ याचा अर्थ पार बदलतो. शब्द एकही बदलत नाही.

७. आता लिहा: 150 ते 200 शब्द

क्रम असा ठेवा: सुरुवातीने कोणती अपेक्षा निर्माण केली, ती कोणत्या कडव्यात कशामुळे बदलली, पहिल्या ओळीचा अर्थ आता काय झाला. प्रत्येक विधानाला कवितेतला एक शब्द अवतरणात जोडा. अनुप्रास, उपमा, रूपक यांची नुसती यादी नको. अलंकार सांगायचाच तर त्याने अर्थ कुठे हलवला तेही सांगा.

लिहून झाल्यावर कडव्यांची अदलाबदल करून बघा. चोखोबांचं चौथं कडवं पहिलं केलं तर जाब आधीच विचारून होतो, मग ऊस, कमान आणि नदी नुसते पुरावे उरतात. सावतांच्या अभंगात लसूण-मिरचीची ओळ आणि ऊस-गाजराची ओळ उलटसुलट केली तर फारसं बिघडत नाही. ‘मोट नाडा विहीर दोरी’ मात्र वर नेता येत नाही, कारण तिथे पिकावरून नजर अवजारांवर आणि विहिरीवर जाते आणि मळ्याची पंढरी होते. जे कडवं हलवता आलं नाही, त्याचं कारण तुमच्या 200 शब्दांत आलंय का ते तपासा. नसेल तर चौथ्या पायरीपासून पुन्हा कागद सरकवा.