पुराच्या वेळचा हॅम अँटेना: या चुका टाळा

जुलै २०२१ सारखा पूर चिपळुणात पुन्हा आला, मोबाइल बंद पडले आणि हॅम, म्हणजे हौशी रेडिओवरून, पुण्याशी बोलायचं झालं, तर अंतर सरळ रेषेत सव्वाशे किलोमीटरही नाही. पण मध्ये सह्याद्री आहे. रिपीटर (संदेश पुढे पाठवणारं डोंगरावरचं केंद्र) बंद असेल तर हातातला व्हीएचएफ सेट, म्हणजे साधारण सरळ रेषेतच पोहोचणारा छोटा रेडिओ, पलीकडे पोहोचत नाही. तिथे ४० मीटर बँडचा (सुमारे ४० मीटर लांबीच्या लहरींचा, ७ मेगाहर्ट्झजवळचा) साधा डायपोल, म्हणजे मधोमध केबल जोडलेल्या दोन सारख्या तारांचा अँटेना, कामाला येतो.

सगळ्यात मोठी चूक उंचीची. दूरच्या देशांसाठी अँटेना उंच हवा हे खरं, पण शेजारच्या जिल्ह्यांसाठी लहरी जवळजवळ उभ्या वर जाऊन आयनोस्फिअरवरून (वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून) खाली यायला हव्यात. त्याला ५ ते ८ मीटर उंची पुरते. कौलारू घराला बांधलेला एक बांबू बास. खटपट करून २० मीटरवर नेलात, तर नेमका डोक्यावरच्या दिशेलाच जोर सर्वांत कमी पडतो.

तारेचं माप: १४३ भागिले मेगाहर्ट्झमधली फ्रीक्वेन्सी, इथे ७.१, म्हणजे सुमारे २०.१ मीटर, एका बाजूला १० मीटर ५ सेंटिमीटर. पण सुरुवातीला १० मीटर ४० सेंटिमीटर घ्या. तार जमिनीच्या जवळ असली किंवा तिच्यावर प्लास्टिक असलं तर हिशोब सरकतो. दोन्ही बाजू १० सेंटिमीटरने कमी केल्या की फ्रीक्वेन्सी सुमारे ७० किलोहर्ट्झ वर जाते. कापू नका, टोक मागे दुमडून तारेवरच घट्ट पिळा.

एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती शक्ती परत येते त्याचं माप) १:१, म्हणजे उत्तम, दिसला म्हणून निर्धास्त होऊ नका. डमी लोडही, म्हणजे शक्ती नुसती उष्णतेत घालवणारा चाचणीचा रोधही, तेच दाखवतो. पाणी शिरलेली कोअॅक्स (रेडिओपासून अँटेनापर्यंतची केबल) शक्ती स्वतःच खाते आणि मीटर छान दिसतो. जोडांवर सेल्फ-अमॅल्गमेटिंग (स्वतःलाच चिकटून एकजीव होणारी) टेप गुंडाळा आणि केबल घरात शिरण्याआधी खाली झोळ सोडा.

बोलताना माइकला झिणझिण्या येत असतील किंवा पॉवर सप्लाय गडबडत असेल, तर केबलच्या बाहेरच्या जाळीवरून आरएफ, म्हणजे रेडिओचा प्रवाह, परत येतोय. फीडपॉइंटला (केबल अँटेनाला जोडते तिथे) एफटी-२४०-४३ फेराइट रिंगवर आरजी-५८ कोअॅक्स केबलचे १० ते १२ वेढे घाला.

रात्री उशिरा पुणे गायब होऊन परदेशी स्टेशनं ऐकू आली तर अँटेना उतरवू नका, तो ठीक आहे. आयनोस्फिअर ७ मेगाहर्ट्झ सरळ खाली पाठवेनासा झालाय. ८० मीटर बँडवर जा. त्यासाठी प्रत्येकी २० मीटरच्या दोन तारा पावसाळ्याआधीच कापून ठेवा.

आणि दोर फेकण्याआधी वर बघा. गावात वीज नसली तरी विजेच्या तारा जिवंतच समजा. कुणाचा जनरेटर उलटी वीज सोडत असू शकतो. अँटेना कुठल्याही बाजूला पडला तरी तारेला लागणार नाही, इतकं अंतर ठेवा.